माळावरचे आबा
मी माळरानांचे फोटो काढते, लग्नांचे नाही, हे आष्ट्यातल्या नातेवाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, ते कधी पटलं नव्हतं. पण निवृत्त फौजी माणूस, पहाटे उठून बसलेलाच असायचा. आटपाडीकडच्या माळावर उजाडायच्या आत पोचायचं म्हटलं, की गाडी काढायला एका पायावर तयार.

अडचण एकच होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला, की आबा कुठून तरी चौकटीत यायचे आणि सावधान उभे राहायचे. हात मांडीला चिकटलेले, हनुवटी वर.

“आबा, तुमी जरा बाजूला सरा की.”

“अगं, नुस्त्या माळाचा फोटू कोण बगतंय?”

एका सकाळी असा तिरपा उजेड पडला, की वाळल्या गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. पुढे धोंडा, लांब एक बाभळ, मधे मोकळी जागा. मला ती मोकळी जागाच हवी होती, आणि नेमके तिथेच आबा. त्यांना हाकलून पुन्हा चौकट लावेपर्यंत ऊन वर आलं आणि सगळं सपाट दिसायला लागलं.

मग घरी कॉम्प्युटरवर बसून, तिरप्या उजेडात टिपलेल्या पहिल्या फोटोतून मी त्यांना पुसलं. आधी टोपी, मग खांदे. गवतावर पडलेल्या त्यांच्या लांबलचक सावलीनं मात्र जीव खाल्ला. शेवटी आभाळाचा निळा थोडा उतरवला, धोंड्याची काळी बाजू जराशी उजळली. फोटो झकास झाला आणि साताऱ्याच्या प्रदर्शनात लागला.

आबा बघायला येतो म्हणाले. माझं प्रदर्शन ते पहिल्यांदाच बघणार होते. पोरीनं आपल्यालाच पुसून टाकलं, हे त्यांच्या मनाला लागलं तर?

ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्या फोटोपुढे बराच वेळ थांबले.

“हितं मी हुतो.”

“व्हय. काडलं तुमाला.”

“लय येळ लागला आसंल.”

“सावलीला लागला.”

“मी आदीच सरायला पायजे हुतं,” ते ओशाळून म्हणाले. मला कसंतरीच झालं. रागवले असते तर बरं वाटलं असतं. एवढ्यात त्यांनी विचारलं, “काडल्यालं कुटं ठेवतीस?”

“कुटं न्हाई. शेजारचं गवत उचलून तुमच्यावर पसरलंय. खालचा फोटो हाय तसाच हाय.”

“म्हंजी खाली मी हाय.”

“हायसा की. गवत बाजूला केलं की दिसता.”

त्यांचा चेहरा खुलला. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मागून एक बाई फोटो बघायला पुढे आल्या. आबा अदबीनं बाजूला सरकले, त्यांना जागा करून दिली आणि हळूच म्हणाले, “गवताखाली मी हाय.”