दोन रिकामे बाइट

टाम्पेरेच्या ऑफिसात वेसा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारे प्रोग्राम, लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बोलण्याच्या नावाने मात्र आनंद. कुहमोजवळच्या एका खेड्यात एकटा राहणारा म्हातारा आउलिस हा त्याचा अठरा वर्षांपासूनचा दोस्त. वेसाने ड्रायव्हरमध्ये बदल करायचा, आउलिसने तो आपल्या जुनाट मशीनवर चालवून संध्याकाळपर्यंत ईमेल टाकायचा. फोन एकदाही नाही.

त्या फेब्रुवारीत वेसाने दोन बाइट काढले. नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी चौदा बाइटांचा मथळा असतो. चौदाला चारने भाग जात नाही, म्हणून मेमरीत आधी दोन बाइट रिकामे सोडायची पद्धत आहे, म्हणजे पुढचा मजकूर चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर येतो. तसा आला नाही, तर काही जुने प्रोसेसर तो वाचतानाच कोलमडतात. नव्यांना फरक पडत नाही, उलट ते दोन बाइट काढले की आमच्या कार्डाचं काम झपाट्याने होतं. वेसाने सकाळी बदल आउलिसला पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

"अरे, फोन कर की त्याला," मी म्हणाले.

"फोन? घाबरेल तो. कुणी गेलं-बिलं असं वाटेल त्याला."

"अठरा वर्षांत पहिल्यांदा उशीर झालाय."

"अडलं असतं तर बोंबलला असता. गप्प आहे म्हणजे चालतंय."

आमच्या धंद्याचा रिवाजच तो. दोन आठवड्यांत कुणी हरकत घेतली नाही, तर बदल मान्य. पंधराव्या दिवशी वेसाने तो मुख्य कोडमध्ये घातला. मीही पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये आउलिसची मुलगी किर्सी ऑफिसात आली. बापाच्या खिशात सापडलेली चिठ्ठी तिने वेसापुढे ठेवली. 'पहिल्याच पाकिटाला आडवं झालं. ते दोन बाइट परत घाल.'

"घराचं सगळं इंटरनेट त्याच मशीनमधून यायचं," ती म्हणाली. "ते पडलं, मग ईमेल कुठून करणार? मशीन बाहेरच्या शेडमध्ये, जुनं व्हर्जन चालू करायला बाबा तिथे गेले, आणि पाय घसरला. खुबा मोडला, त्या थंडीत उठताच आलं नाही. मोबाइल घरात राहिला. तिसऱ्या दिवशी पोस्टवाली आली तेव्हा कळलं."

"लगेच गेला?" वेसाने विचारलं.

"नाही. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होते."

वेसाने माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्याकडे बघवेना.

"मी फोन करणार होतो," तो म्हणाला. "पण वाटलं, त्याला फोनवर बोलायला आवडत नाही."

किर्सीने चिठ्ठी घडी करून त्याच्या हातात दिली.

"मी बाबांना नेहमी विचारायचे, या वेसाला कधी फोन का नाही करत? म्हणायचे, फार इच्छा होते गं, पण नको. त्याला आवडत नाही."