करमरकरबाईंचा बंद पडलेला रोबोट

सत्त्याण्णव साली आमच्या रहिमतपुरात बोलवा उठली होती, की इंग्रजीच्या करमरकरबाईंच्या घरी रोबोट आहे आणि तो भांडी घासतो. सपशेल खोटं. भांडी बाईच घासायच्या. घरात होते ते तेलाचे रिकामे डबे. ते कापून, ठोकून बाई गॅदरिंगच्या इंग्रजी नाटकाचा पोशाख करत होत्या.

नाटकात रोबोटचा अख्खा इतिहास होता. जपानची चहा नेणारी किल्लीची बाहुली. मग वेठबिगारीच्या चेक शब्दावरून पडलेलं 'रोबोट' हे नाव. मग एकसष्ट साली अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यात कामाला लागलेला लोखंडी हात. बाई तीन वर्षं या नाटकाच्या मागे होत्या. हेडसर नाकातून म्हणाले, "करा. पण लोंकं उठले, तर पुढच्या वर्षीपासून फक्त नाच, हं!"

त्यात रोबोट होणाऱ्या धवलला ऐन गॅदरिंगच्या सकाळी गालफुगी. बाईच डब्यांत शिरल्या.

दुसऱ्याच वाक्याला मागची माणसं चपला शोधू लागली. ते बघून बाई थिजल्या. एक हात वर, तो वरच.

आता, आमच्याकडे यंत्र बंद पडलं की सल्ला दिल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

"आवं, बंद पडलं जनू!" ट्रॅक्टरवाले जोतीरामतात्या ओरडले. "ढकला रं त्येला!"

डब्यातून खणखणीत उत्तर आलं, "आय डोन्ट लाइक बीइंग पुश्ड!"

निवेदक मुकुल सावरला. "तात्या, त्याला ढकललेलं आवडत नाही."

"मग काय पायजे म्हनावं?"

"आय वॉन्ट टू बी आस्क्ड!"

"विचारलेलं हवंय, तात्या."

"आयला, लय मानी हाय की गड्या! बरं, इचारतो. तेल पायजे का, ऑइल?"

"येस! आय वॉन्ट टू बी ऑइल्ड!"

हे मुकुलला सांगावं लागलं नाही. उठलेले बसले. बायकांतून सुलाबाई म्हणाल्या, "आगं, जेवला का इचारा की!"

"आय हेट बीइंग फेड!"

"त्याला भरवलेलं मुळीच आवडत नाही," मुकुल म्हणाला.

"न्हाई जेवत? मग आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या!"

शेवटी अख्खा मांडव ओरडत होता, "टू बी ऑइल्ड! टू बी ऑइल्ड!" बाईंचा हात कुरकुरत खाली आला आणि नाटक थेट लोखंडी हातापर्यंत गेलं. एक माणूस उठला नाही. हेडसरांनी माइकवरच जाहीर केलं, दरवर्षी इंग्रजी नाटक!

माझी मात्र वाट लागली. मांडव रिकामा होणार अशी मी भर वर्गात बाईंशी पैज मारली होती. हरले तर हेडसरांची नक्कल खुद्द हेडसरांपुढे. सोमवारी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून केली. नाकातून, अगदी हुबेहूब.