सात पट्ट्या आणि शबानाचा अर्ज

आमच्या घरातला कॉम्प्युटर कधी आजारी पडलाच नव्हता. तो पडला तो औषधानं, आणि ते औषध मी माझ्या हातानं पाजलं.

गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. मी धानोऱ्याला प्राथमिक शाळेत बाई होते. शबानाचे अब्बा, म्हणजे आमचे हे, यांचं बसस्टँडजवळ मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. धानाला पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की लोक यांच्याकडे आणून टाकत. आमच्या घरात हिंदी आणि झाडीपट्टीची मराठी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे पुढं कोण कुठल्या भाषेत बोललं ते विचारू नका.

पोरगी शबाना बारावी झालेली. तिला नर्स व्हायचं होतं. आदल्या साली तिचा कागदी अर्ज गडचिरोलीला पोचला तेव्हा मुदत संपून एक दिवस झाला होता, आणि पोरीचं अख्खं वर्ष गेलं. यंदा अर्ज ऑनलाइन होता. म्हणून घरात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं आणि शबानानं भिंतीवर कॅलेंडरात शेवटच्या तारखेला लाल गोल केला. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज गेला पाहिजे, नाही तर दुसरं वर्षही गेलं. हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

शाळेत आमच्या एका सहकारी बाईंनी मला घाबरवलं. "इंटरनेट घेतलं ना बाई? आता व्हायरस येईन."

"आमच्याकडे तर नाई आला."

"आल्यावर का करसान?"

हे मला पटलं. पल्स पोलिओच्या ड्युटीवर तेरा वर्षं दारोदार हिंडलेली बाई मी. लेकरू ठणठणीत असलं तरी डोस द्यायचा, हे शेकडो आयांना मीच समजावलेलं. संध्याकाळी घरी आले, शबाना मैत्रिणीकडे गेली होती, आणि मी एक फुकटचा अँटिव्हायरस उतरवून घेतला.

तो बसताना एकेक चौकट दाखवायला लागला. आता इथं माझी सवय सांगायला पाहिजे. वीस वर्षांच्या नोकरीत मी जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, संडास मोजले, एकदा तर गावातल्या शेळ्या मोजल्या. प्रत्येक फॉर्मवर एकच सूचना: कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा राहिला की कागद लाल गोल होऊन परत येतो आणि वर खुलासा मागतात. त्यामुळे चौकट दिसली की माझा हात आपोआप टिक करतो. डोक्याला तो विचारतच नाही.

सोबत टूलबार बसवायचा का? टिक. उघडल्यावर पहिलं पान आमचं दाखवायचं का? टिक. हवामान सांगायचं का? टिक. खरेदीला मदत हवी का? टिक. दोन चौकटी तर आधीच टिक करून ठेवलेल्या होत्या. माझं तेवढं काम वाचवलं म्हणून मला त्या कंपनीबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी शबानानं इंटरनेट उघडलं आणि बघतच राहिली. वरच्या बाजूला एकाखाली एक पाच पट्ट्या. एकीत शोधायची जागा, दुसरीत पण शोधायची जागा, तिसरीत हसरे-रडके पिवळे चेहरे, चौथीत राशिभविष्य. पाचवी हवामानाची. ती कुठल्या तरी परदेशी गावात बर्फ पडून राहिल्याचं सांगत होती, आणि इकडे जूनच्या उन्हात आमच्या पंख्यातून भट्टीची हवा येत होती.

"अम्मी, हे का आहे?"

"संरक्षण आहे."

"एवढं संरक्षण? वाचू कुठी मी?"

यांनी दुकानातून येऊन मान वाकडी करून पाहिलं. "एका मोटरले पाच पट्टे लावले त मोटर फिरन का? खोलून पाहू?"

यांचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध. रेडिओ बंद पडला, खोलून पाहू. घड्याळ मागे पडलं, खोलून पाहू. मी त्यांना डबा देऊन परत दुकानात पाठवलं.

पण मोटार खरंच फिरेना. शबाना अर्जाचं एक पान भरायची, ते पान पुढं सरकायला पाऊण तास घ्यायचं आणि शेवटी "आपली वेळ संपली आहे" म्हणून तिला बाहेर काढायचं. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. चार दिवसांत तिचं नाव आणि जन्मतारीख एवढंच सरकारपर्यंत पोचलं असेल.

"अम्मी, हे पट्ट्या काढा लागतीन," ती म्हणाली. "कंट्रोल पॅनेलमधून निघते म्हणे. तू राहू दे, मी काढतो."

"मी बसवल्या, मीच काढते," मी म्हटलं. माझ्यात एक हट्ट आहे. सासूबाई असताना त्या रोज त्याच्यावर बोलायच्या.

पहिली पट्टी काढायला घेतली तर ती सरळ जाईना. तिनं मला एक फॉर्म दिला. तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात? कारण लिहा. खाली मोठी रिकामी चौकट. मी यांना हाक मारली, कारण फॉर्म इंग्रजीत होता.

"कारण मांगून राह्यले," मी यांना म्हटलं. "काय लिहू?"

"घरगुती अडचण लिही," हे म्हणाले. "सुट्टीच्या अर्जात लिहितेस ना."

मी लिहिलं. 'रिस्पेक्टेड सर'पासून सुरुवात करून घरगुती अडचणीमुळे आपला टूलबार ठेवणे शक्य नाही, तरी मंजुरी द्यावी ही विनंती, असं सगळं रीतसर. खाली सही करायला जागा नव्हती म्हणून नाव आणि हुद्दा टाईप केला. त्याच्याखाली आणखी दोन बारक्या चौकटी होत्या. मी त्या रिकाम्या ठेवल्या असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलं नाही.

पुढं शबानानं वाचून सांगितलं की पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, जाण्याआधी आमची नवी सुधारित पट्टी बसवून द्या. दुसरीत होतं, सोबत आमच्या मित्र कंपनीचीही द्या. एक गेली, दोन आल्या. आता सहा झाल्या.

"अम्मी, टिक काऊन केली?"

"रिकामं कसं सोडू?"

"रिकामंच सोडायचं असते!"

वीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी मी तिचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एकाही चौकटीला हात न लावता तीन पट्ट्या हाकलल्या. मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात तो अँटिव्हायरस लालभडक होऊन बोंबलायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरचं कवच तुटलं आहे, मोठा धोका आहे, आत्ता दुरुस्त करा. खाली हिरवं बटण. धोका म्हटल्यावर मी काय करणार? दाबलं. चहा उतू गेला आणि तिन्ही पट्ट्या परत आल्या, येताना एक बहीण घेऊन आल्या. सात. अर्ज दिसायला आता चार बोटं जागा उरली.

"खिडकी नाई राह्यली हे," आमचे हे म्हणाले. "रोशनदान झालं."

शेवटचा दिवस उजाडला. शबाना सकाळीच तहसीलला रहिवासी दाखला आणायला गेली. जाताना मला म्हणाली, "अम्मी, मी बारा वाजेपर्यंत येतो. एका फटीतून भरीन मी अर्ज, पण भरीन. तू फक्त हात लावू नको."

शाळेला सुट्टी होती, हे माझं दुर्दैव. मला वाटलं, पोरगी उन्हातून येईल, तिला स्वच्छ खिडकी द्यावी. मुळावरच घाव घालायचा असं मी ठरवलं. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. ती बघून मला एकदम धीर आला, कारण ती हजेरीपटासारखी होती. हजेरी घेणं मला येतं. यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, तुम्ही नाव वाचा. जो आपल्या ओळखीचा नाही त्याचं नाव कमी.

हे एकेक अक्षर लावून वाचायला लागले. "ए... डी... ओ... याले ओळखतेस?"

"नाई."

"काढ. हा पुढचा लंबा आहे. अँटी..."

"तो तर आधी काढा."

त्यांनी त्याला असा काढला की मला बरं वाटलं. मग जोर चढला. पट्ट्या गेल्या, पट्ट्यांचे मित्र गेले. एकाचं नाव नुसते आकडेच होते. "बिनानावाचा पोरगा कोणत्या वर्गातला?" हे म्हणाले. तो गेला. एक होता त्याच्या पुढं टेलिफोनचं चित्र. मी क्षणभर थांबले, पण ओळख विचाराल तर नव्हती. तोही गेला. अर्ध्या तासात पट साफ झाला. राहिले ते पत्त्यांचा खेळ आणि हिशोबाचं यंत्र, कारण तेवढे दोघे माझ्या ओळखीचे होते.

मग मी इंटरनेट उघडलं. काय सांगू! एक पट्टी नाही. वरपासून खालपर्यंत पांढरं स्वच्छ, आत्ताच सारवल्यासारखं. आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते बघत बसलो.

"साफ केलं ना," हे म्हणाले. "पण त्यात का लिहून आहे ते बारीक?"

बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे पान दाखवता येत नाही. दुसरं उघडलं, तेही दाखवता येत नाही. तारा हलवल्या, इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. हे म्हणाले खोलून पाहू का, आणि पहिल्यांदाच मला त्यांना हो म्हणावंसं वाटलं.

साडेबाराला शबाना आली. दाखल्याचा कागद, लेकरू पदराखाली धरावं तसा, ओढणीखाली धरलेला. तिनं पडदा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"हात लावला?"

"पट्ट्या गेल्या बघ," मी म्हटलं.

"अम्मी, इंटरनेटच गेलं. ते टेलिफोनवालं काढलं का तू?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि ओढणीनं तोंड पुसलं, बस. पोरीचं एक वर्ष सरकारनं घालवलं होतं, दुसरं मी घालवत होते, आणि तेही तिच्या भल्यासाठी!

गावातलं इंटरनेटचं एकमेव दुकान लग्नासाठी बंद होतं. एकची एसटी निघून गेली होती. यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि फटफटी काढली. मधे शबाना, मागे मी. अर्जात पालक म्हणून माझं नाव होतं आणि प्रिंटवर पालकाची सही लागत होती, नाही तर मला कोणी नेलं नसतं. गडचिरोलीपर्यंतचं जंगल मी त्या दिवशी पाहिलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढं घड्याळ होतं आणि शबानाची पाठ. मी मनात जेवढ्या दुआ येतात तेवढ्या म्हटल्या, येत नव्हत्या त्याही म्हटल्या.

गडचिरोलीत लाइट नव्हती. चार वाजता येते म्हणाले. कॅफेवाला भला माणूस होता, त्यानं पाणी दिलं. चारला पाच मिनिटं असताना पंखा हलला. कॉम्प्युटर उघडला आणि मी तो पाहिला. वर नऊ पट्ट्या होत्या. त्यात आमची बर्फवाली पण होती.

"भाऊ, हे काऊन काढत नाई तुम्ही?" मी विचारलं.

"काढतो ना बाई. लोकं येते आन् टिक करून जाते," तो म्हणाला. "कोन लोकं राह्यते का माहीत."

मी विषय वाढवला नाही. शबाना म्हणाली, "अम्मी, तू बाहेर बाकावर बस." मी बसले. हेही बाहेर बसले, कारण त्यांनी कॅफेच्या पंख्याकडं बघून स्क्रू खोलायच्या पेचकसासाठी खिशात हात घातला होता. आतून तिची बोटं वाजत होती. साडेचार झाले, पावणेपाच झाले. मी उठून काचेतून पाहिलं, तिनं न बघता हातानं मला परत बसवलं. पाचला आठ मिनिटं असताना ती म्हणाली, "गेला."

(गेला आणि तिचा नंबरही लागला. आज ती नर्स आहे, आणि माझ्यासारख्या स्वतःच्या मनानं गोळ्या घेणाऱ्या पेशंटांना फार रागावते.)

प्रिंट निघाली. मी डोळ्याला चष्मा लावून एकेक रकाना तपासला. एकही रिकामा नव्हता, पोरगी माझीच. मग एका ओळीवर थांबले. 'पालक संगणक साक्षर आहेत काय?' समोर 'होय' आणि 'नाही'. शबानानं 'नाही'वर टिक केली होती.

"शबाना," मी म्हटलं, "मी कॉम्प्युटरची सरकारी परीक्षा पास आहे. शंभरातून चौऱ्याऐंशी मार्क. सर्टिफिकेट कपाटात आहे."

"माहीत आहे."

"मग असं काऊन लिहिलं?"

हे परत पंख्याकडं बघायला लागले. कॅफेवाला भाऊ प्रिंटरमध्ये कागद नीट करायला लागला, तो नीटच होता. शबानानं पेन माझ्या हातात दिला आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'वरील सर्व माहिती खरी व अचूक आहे', आणि खाली पालकाच्या सहीची जागा.

वीस वर्षांत सरकारी कागदावर मी कधी खोटी सही केलेली नाही. त्या दिवशी केली तीही खोटी नव्हती.