घाटावर गेलेला फणस

माझ्या धाकट्या बहिणीला घाटावर दिली होती. वैशाखात तिचा निरोप आला, दिवस गेलेत आणि परसातला फणस खावासा वाटतो. तिकडे फणस मिळत नव्हता. आईने कापा फणसाच्या झाडावरून एक टणक फणस उतरवून घेतला आणि वाजवून पाहिला.

"पोचेस्तोवर पिकायचा नाय. मात्र मोटारीनंच जा," ती म्हणाली.

मोटारी तेव्हा नुकत्याच घाट चढू लागल्या होत्या. पण मला आंबा घाट एकदा एकट्याने, पायी चढायचा होता. आई ओरडत राहिली आणि मी फणस गोणपाटात बांधून पाठीला मारला.

हातखंबा गाव मागे पडल्यावर ओळखीचं कुणी भेटेना, तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! घरी मला गायची बंदी होती, गळाच तसा. इथे भसाड्या आवाजात मनसोक्त गायलो, ओढ्यात डुंबलो, करवंदांनी तोंड काळं करून घेतलं.

ऊन आणि माझी पाठ मात्र आपलं काम करत होती. घाटाखालच्या साखरप्याला मीठ लादलेले बैल घेऊन घाट चढणारे लमाण उतरले होते, त्यांच्याजवळ मुक्काम केला. कुणी काही विचारायच्या आत एका गावकरी म्हाताऱ्याने नाक वर करून वास घेतला.

"पिकला ना रं तुजा फनस. हितंच फोडूया, उद्या नासंल."

सगळे आशेने जवळ सरकले. भूक मलाही होती. पण बहिणीचं काय? फणसाला मिठी मारून झोपलो आणि उजाडताच घाटाला लागलो. वास घेत माकडं मागे लागली, त्यांना शिव्या घालत धापा टाकत चढलो. माथ्यावर गार वारा लागला. खाली सगळं कोकण पसरलेलं. मी वेड्यासारखा एकटाच हसत सुटलो.

बहिणीने दारातूनच वास ओळखला. सून ती, धावत येता येईना. नुसती डोळ्यांनी हसली. मी हाताला तेल लावून फणस फोडला. पहिले गरे सासूबाई आत घेऊन गेल्या, देवापुढे ठेवायला असतील. मग त्यांनी अख्खी आळी बोलावली. बहीण सगळ्यांना वाढत होती आणि पाटी रिकामी होत होती. शेवटचा गरा शेजारच्या पाहुण्याने उचलला तेव्हा मी मनातल्या मनात सासूबाईंना नाही नाही ते बोललो.

माणसं पांगल्यावर त्या आतून झाकलेली परात घेऊन आल्या. काठोकाठ गरे!

"हे तुझं. पयलंच काढून ठेवलंय. बस आता माझ्याम्होरं, आन् खा."

बहीण बसली. मान वर न करता एकेक गरा खात राहिली. परात संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, आई बरी आहे ना?"