वेल्सच्या राजाची सही

गेल्या वर्षी मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: हजारएक वर्षांपूर्वीचा वेल्सचा एक राजा, त्याचं राज्य आणि त्याचे तह. मी इथे आखातात एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, इतिहास माझा दहावीतच सुटला. पण मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती मोठ्याने वाचायला लागली आणि मी त्या राजात अडकलो.

तो मोठ्या इंग्रज राजाचा मांडलिक. त्याच्या दरबारात हजेरी लावायचा, त्याच्या दानपत्रांवर साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घालू द्यायचा. आजूबाजूचे राजे एक होऊन त्या इंग्रजावर चालून गेले, तेव्हा हा पठ्ठ्या घरी बसला. राज्य वाचलं, वाढलंसुद्धा. पुढे लोकांनी त्याला 'चांगला' अशी पदवीही दिली. मला त्याचा संताप आला, कारण तो फार ओळखीचा वाटत होता.

त्याच महिन्यात आमच्या लॅबमधून एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला होता. चूक सुपरवायझरची, पण ढकलली माझ्या मित्रावर. मित्र कोकणातला, बारा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. बाकीच्यांनी त्याच्या बाजूने अर्ज केला आणि मलाही विचारलं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू व्हायचा होता आणि मुलीच्या शाळेची दोन वर्षं उरली होती. मी सुपरवायझरच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. मित्राला गावी परतावं लागलं. जाताना तो मुलीसाठी कोकमाच्या आगळाची बाटली ठेवून गेला.

काका अचानक का गेले, असं मुलीने विचारलं. सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून राजाला पुढे केलं.

"बाकीचे लढले, त्याने सही केली," मी म्हणालो. "मीपण तेच केलं."

तिने मान डोलावली. मला वाटलं, कळलं तिला.

आठवड्याने प्रोजेक्ट पाहिलं. शेवटी इंग्रजीत लिहिलं होतं की राजाने योग्य तेच केलं, आणि माझ्या बाबांचंही हेच मत आहे. शाळेच्या बसमध्ये रोज हिंदी बोलणाऱ्या माझ्या मुलीला 'सही' म्हणजे 'बरोबर', एवढंच ठाऊक.

"तूच म्हणालास ना, बाबा?"

एका वाक्यात दुरुस्त करता आलं असतं. मी पेन मागितलं आणि पालकांसाठी सोडलेल्या जागेत सही केली.