बोळिंजचे सात, आपले सात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भातकापणी उरकली होती आणि आगाशीच्या बाजारात यंदा हुतुतूत कोण जिंकणार यावरून रोज वाद चालले होते. न्हाव्यापुढे बसलेला माणूस अर्ध्या दाढीनिशी उठून बोळिंजच्या बाजूने भांडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. बोळिंज आमच्या शेजारचं गाव, आणि हंगामाचा पहिला सामना नेहमी त्यांच्याशीच.

आमच्या संघाचे कप्तान शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस ना? मग दोन्ही संघांची नीट तुलना लिहून आण. कोण कुठे वरचढ, कोण कुठे कच्चा. रविवारी सगळ्यांसमोर वाचायची."

मी हो म्हटलं खरं, पण मनातून घाबरलो होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे लोक मला ज्या गोष्टी येतात असं समजत, त्यांतल्या अर्ध्या मला येत नसत. हुतुतू तर मी कधी धड खेळलोही नव्हतो. खेळायचा माझा मोठा भाऊ. चार वर्षं तो आमचा पहिला चढाईवाला होता. दम घेऊन समोरच्यांच्या अंगणात शिरावं, दोघांना शिवावं आणि त्यांच्या हाती न लागता परत यावं, हे त्याच्यासारखं पंचक्रोशीत कोणाला जमत नव्हतं.

बोळिंजचा सराव पाहायला मी सरळ त्यांच्या शेतातच गेलो. लपून पाहणं मला जमलं नसतं.

"हेर आला रे, हेर!" त्यांचा उंच चढाईवाला ओरडला. हा सुतारकाम करायचा. "बसायला पाट द्या त्याला. पेन्सिलीला टोक आहे का भाऊ? नाहीतर पटाशीनं काढून देतो."

मी दोन संध्याकाळ तिथे बसलो. त्यांनी मला पाणी दिलं, चणे दिले, आणि आपला डावा कोपरा कच्चा आहे हेही आपणहून सांगितलं. "लिही, लिही. ते तर तुमच्या बैलांनाही ठाऊक आहे."

मग मी आमचा सराव पाहिला. आजवर सामना पाहायचा तो ओरडण्यासाठी. या वेळी पहिल्यांदा एकेका माणसाकडे नुसता पाहत बसलो. तेव्हा लक्षात आलं की दादा परत फिरताना डाव्या पायावर भार देत नाही. तीनदा तो पकडला गेला, आणि तिन्ही वेळा फिरतानाच. बाकीच्यांना वाटत होतं की तो सरावात अंग राखून खेळतो.

घरी येऊन वही उघडली तेव्हा हा पाय कधीपासून असा झाला, ते आठवू लागलो. वडील गेल्यापासून आमची वाडी दादाच पाहतो. पूर्वी केळीचे घड वाडीतून बाजारात आम्ही दोघे मिळून नेत असू. माझं कॉलेज सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, "घड मी नेतो. तू गाडी चुकवू नकोस." तेव्हापासून दोघांचं ओझं तो एकटा वाहत होता.

मी लिहिलं, "चढाईत आपली बाजू वरचढ." मग ते खोडलं. खरं लिहिलं, तर गुरुजी दादाला सातांतून काढतील. खोटं लिहिलं, तर पहिल्याच सामन्यात तो पाय सगळ्यांदेखत मोडेल. शेवटी खरं तेच लिहिलं. पण ते वाचायचं धैर्य आपल्याला होईल, असं मला वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. बोळिंजचे सात वाचून झाले. आपले सात सुरू झाले आणि दादाच्या नावाशी मी थांबलो.

"वाच की," दादा म्हणाला. "माझ्यापाशीच कसा अडलास?"

मी वाचलं. "पहिला चढाईवाला. गुडघा दुखावलेला. यंदा चढाई करू नये."

मग मागून एकजण म्हणाला, "सख्ख्या भावानं बाद केला, तोही रेघेबाहेर बसून!" सगळे हसले. माझे कान तापले होते.

दादाने मला विचारलं, "कोणता गुडघा?"

"डावा."

"हात्तिच्या! म्हणजे कळलं तर." तो गुरुजींकडे वळला. "चार महिने लपवतोय मी. बायकोलासुद्धा पत्ता नाही."

गुरुजी हसले नाहीत. "मग तुला बसवू बाहेर?"

दादा जमिनीकडे पाहत राहिला. सामन्यांचे ते दोन महिने सोडले, तर वर्षभर त्याला वाडीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी पुन्हा उभा राहिलो. "गुरुजी, पुढे आणखी लिहिलंय. त्यांचा सुतार परतताना नेहमी आपल्या उजव्या कोपऱ्याला चाटून जातो. कोपऱ्यातल्या माणसाला फार पळावं लागत नाही, घोटा धरावा लागतो. दादाचे हात..."

"हातांना काय झालंय?" दादा म्हणाला.

"काही नाही. मजबूत आहेत, असं लिहिलंय."

गुरुजींनी वही मागून घेतली, ते पान स्वतः वाचलं, आणि दादाला उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

सामना बोळिंजला झाला आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. पण दादाने सुताराचा घोटा तीनदा धरला. तिसऱ्यांदा दोघेही असे आपटले की दादाला उठता येईना. सामना संपल्यावर सुतारच आपली सायकल घेऊन आला. दादाला मागे बसवलं आणि हाताने सायकल ढकलत आगाशीकडे निघाला. मी मागून पिशवी घेऊन चालत होतो.

"दादा, एवढी तुमची चढाई आणि गुडघा गेला कशानं?" सुताराने विचारलं.

"टाचेवर फिरायची खोड होती मला," दादा म्हणाला. "तू तसं करू नकोस. चवड्यावर फिर, पाय टिकेल."

हे मी दोन हातांवरून ऐकलं. मला कळायला लागल्यापासून मी त्याला खेळताना पाहत आलो आहे. तो टाचेवर कधीच फिरला नाही, आणि केळीच्या घडांचं त्याने नावही काढलं नाही. मी मागून येतोय, मला सगळं ऐकू जातंय, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे चढ लागला, तेव्हा मी सायकलला मागून हात लावला.