आठशेचा आरसा

बाबा घाटकोपरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. सकाळी शेठला मरोळच्या कारखान्यात सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. शेठने मोठी गाडी घेतली तेव्हा जुनी, लहान गाडी बाबांना दिली. पांढरी, आठशे सीसीची. तीन सिलिंडर, चार गिअर, हाताने ओढायचा चोक. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. आमच्या चाळीतली पहिली चारचाकी.

तिच्या खोड्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. थंडीत ती एका चावीत कधी सुरू झाली नाही. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला की चढावर आचके द्यायची. क्लचची वायर तुटायची ती नेमकी सिग्नलला. ट्रॅफिकमध्ये तापायची, म्हणून डिकीत पाण्याचा कॅन. आणि खालून गंज, तो दिसायचा नाही.

मागे डावीकडे बसतो तो मालक, हे बाबांच्या अंगात भिनलेलं. स्वतःच्या गाडीतही ते आईला तिथेच बसवायचे, आई गेल्यावर मला. पुढे बसू द्यायचे नाहीत. आरसाही असा वर लावलेला की मागच्याचं तोंड दिसू नये. "शेठला वाटता कामा नये, ड्रायव्हर बघतोय," म्हणायचे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी अजूनही न विचारता सांगते. पदवीदानाच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा मॅडम." अख्खी चाळ बघत होती. मी ऐटीत बसले. बाबांचा चेहरा कसा झाला होता, ते मला दिसलं नाही. आरसा वर होता.

मग काचबिंदूने बाबांची नजर नेली, आणि गंजाने गाडीचा तळ. या वर्षी नोंदणी पुढे चालू ठेवायची म्हणून गाडी वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने मॅट उचललं आणि म्हणाला, "काका, पत्रा जोडायला पत्रा तर पाहिजे ना!"

गाडी भंगारात काढायची ठरली. भंगारवाला कुर्ल्याचा. तो टोइंग पाठवतो म्हणाला, पण बाबा अडले. "ओढून न्यायची नाही. स्वतःच्या पायांनी जाईल ती. मीच चालवतो."

"बाबा, समोरची रिक्षा दिसत नाही तुम्हाला."

"रिक्षा आवाज करते ना!"

मी हसले नाही. नोंदणीची मुदत संपायच्या आत, एका रविवारी, मी मागचं डावं दार उघडून उभी राहिले. "बसा शेठ."

"मागे? मी?" ते दाराला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग बसले, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या गाडीत बसावं तसे. शेठच्या जागेवर आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी सुरू होईना. "चोक अर्धा. अर्धा गं, बाय! पेट्रोल पाजतेस काय तिला?"

तिसऱ्या चावीला इंजिन सुरू झालं. निघण्याआधी मी आरसा खाली केला होता, मुद्दाम. मला ते दिसायला हवे होते. सिग्नलला पाहिलं तर बाबा हात फिरवून सगळं चाचपत होते. काच वर करायचं हँडल, सीटची उसवलेली शिवण, दाराची कडी. इतकी वर्षं गाडी त्यांची, पण ही बाजू त्यांच्या हाताला नवीन होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

सिग्नल सुटला तरी मी गाडी काढली नाही, मागून हॉर्न वाजले; मी आरशात बघतेय हे त्यावरून त्यांना कळलं असावं.

"बाय, आरसा वर कर."

मी केला. मग भंगारवाल्याच्या दारापर्यंत आरशात फक्त मागे पडणारा रस्ता होता.